भैय्या चौकामागचं बिनपाटीचं हॉटेल : चहा चांगला, भजी त्याहून चांगली, आणि कुणी उठवत नाही

गेली दोन-तीन वर्षं जे कुणी पाहुणे घरी येतात त्यांना मी हितं घेऊन जाते आणि प्रत्येकजण परत गेल्यावर फोन करून पत्ता विचारतो, म्हणून म्हटलं एकदाचं नीट लिहूनच टाकावं. बाहेरगावच्यांसाठी आधीच सांगते, आमच्याकडं हॉटेल म्हणजे चहा-भज्याचं हॉटेल, राहायची सोय नाही. सोलापूर स्टेशनकडून भैय्या चौकात यायचं, डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे त्याच भागात, आणि तिथून मिलच्या चाळींच्या बाजूला आत वळायचं. हॉटेलला पाटी नाही. कधी नव्हतीच. कुणालाही मिलचं हॉटेल विचारा, रिक्षावाला पैसे न घेता हात करून दाखवतो.

बाहेरून बघितलं तर आत जावंसं वाटणार नाही हे खरंय. पत्र्याचं छप्पर, पुढं दोन पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आत सहा लांब बाकडी आणि त्यांच्यापुढं शहाबादी फरशीची टेबलं. सोलापूरच्या मे महिन्यात या फरशीवर हात ठेवून बसलं की कळतं जुन्या लोकांनी सनमायका का लावला नाही ते, बाहेर 43 डिग्री असते आणि फरशी गार. कोपऱ्यात दोन माठ, त्यावर ओलं फडकं. पंखे आहेत, दोन, त्यातला एकच फिरतो.

चहाचं आधी सांगते कारण शेवटी माणूस त्यासाठीच जातो. पातेलं पितळेचं, कल्हई केलेलं. पाण्यात आधी साखर जाते, मग आलं, आणि आलं किसायचं नाही, लोखंडी खलबत्त्यात दोनच घाव घालून ठेचायचं, म्हणजे रस उतरतो पण चोथा गाळण्यात बसतो. पावडर पडली की मालक पातेल्याकडं बघत नाहीत, आवाज ऐकतात, उकळी वर आली की नुसत्या आवाजानं ओगराळं हातात घेतात आणि चहा वर उचलून परत सोडतात, असं तीन वेळा. दूध म्हशीचं, वेगळं तापवलेलं. गाळणं कापडाचं आहे, वापरून वापरून पार चॉकलेटी झालंय, नवीन माणूस बघून तोंड वाकडं करतो पण मी रोज रात्री ते उकळत्या पाण्यात घातलेलं स्वतः बघितलंय. काचेच्या ग्लासात फुल, हाफ पाहिजे तर तसं सांगायचं, आणि बशी मागितली तर बशी पण देतात, जुनी माणसं अजून बशीतच ओतून पितात. फुल 10 रुपये. सकाळचा पहिला ग्लास कुणाला देत नाहीत, रस्त्यावर ओततात, पाठोपाठ थोडं पाणी, मगच धंदा सुरू.

भजी मिरचीची. आमची सोलापूरची मिरची लांब आणि तिखट, तिला मधून चीर देऊन आत ओवा-मीठ भरतात आणि पीठ पातळच ठेवतात. ज्यांना सोसत नाही त्यांनी कांदाभजी घ्यावीत. सकाळी आठपर्यंत सुशीला मिळतो, म्हणजे चुरमुरे भिजवून पिळून फोडणीला टाकलेले, वरून शेंगदाण्याचा कूट, पुण्यामुंबईच्या लोकांना हे माहीतच नसतं आणि एकदा खाल्लं की दुसरी प्लेट मागतात. दुपारी बारानंतर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदा. चटणी मालकाच्या घरी उखळात कुटतात, मिक्सरची नाही, हे सांगायला लागत नाही, बोटाला तेल लागतं की. मिक्सरमधे फक्त भुगा होतो, कुटली तरच शेंगदाणा तेल सोडतो आणि लसूण-तिखट त्या तेलात मुरतं. मिसळ, डोसा, चायनीज वगैरे काही नाही, विचारू नका.

आता खरं लिहायचंय ते वेगळंच आहे.

हे हॉटेल पहाटे पाचला उघडतं. का, तर पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत कामगारांच्या पोटात काहीतरी पडावं म्हणून. भोंगा वाजायचा बंद होऊन किती वर्षं झाली, पण उघडायची वेळ बदलली नाही. आपलं सोलापूर मिलींचं गाव. जुनी मिल सुरू झाली 1877 ला, त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिली उभ्या राहिल्या आणि अख्ख्या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा होता, माझी आई भोंग्यावर कुकर लावायची. जुनी मिल तर साठच्या दशकातच बंद पडली, बाकीच्या नंतर एकामागून एक. माझे वडील बदली कामगार म्हणून लागले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बदली म्हणजे नाव नोंदवलेलं असतं पण काम नक्की नसतं, रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमवाला कुणी आला नाही तर तुम्हाला आत घेणार, नाहीतर घरी. आणि घरी जायचं तरी कसं, बायकोनं डबा भरून दिलेला असतो, शेजाऱ्यांनी जाताना बघितलेलं असतं. मग ती माणसं हितं येऊन बसायची. दुसऱ्या पाळीला तरी नंबर लागेल म्हणून दुपारपर्यंत बसायची, एका चहावर, कधी बिनचहाचं. माझे वडील सांगायचे, अशा दिवशी मालकाचे वडील, म्हणजे तेव्हाचे मालक, काय घेणार असं विचारायचेच नाहीत. नुसतं पाणी आणून ठेवायचे.

मला वाटतं या हॉटेलचं सगळं त्या पाण्याच्या ग्लासात आहे. हॉटेलवाल्यानं गिऱ्हाईकाला बसू देणं ही साधी गोष्ट नाही, सहाच बाकडी आहेत, एक माणूस दोन तास बसला की दहा चहाचं गिऱ्हाईक परत जातं. आणि तरी या हॉटेलात आजपर्यंत कुणाला ऊठ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघी मैत्रिणी एका नव्या एसी कॅफेत गेलो होतो, नाव घेत नाही. एकेक कॉफी 180 ची. अर्धा तास झाला असेल नसेल, पोरगा येऊन म्हणतो मॅडम अजून काही ऑर्डर करणार का, नसेल तर टेबल लागेल. त्या पोराची चूक नाही, त्याला वरून तसंच सांगितलेलं असणार. पण माझ्या मैत्रिणीचा नवरा दवाखान्यात होता, आम्ही तिला तेवढ्यासाठीच बाहेर काढलं होतं, आणि ती बोलायला लागली होती नुकतीच. उठलो. तिथून रिक्षा केली आणि सरळ हितं आलो, संध्याकाळचे सहा वाजले होते, भजी संपली होती. मालक म्हणाले, "बसा अक्का, आतल्या बाकड्यावर बसा, तिथं वारं येतं." साडेआठला उठलो. तिघींचा मिळून चहा झाला साठ रुपयांचा.

मालकांची बसा म्हणायची पण एक पद्धत आहे. आमच्या गावात चार भाषा रस्त्यावर चालतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. साखर पेठेकडचे यंत्रमागवाले पद्मशाली आले की कूर्चो अन्ना, अक्कलकोटकडचं कुणी आलं की बर्री, कूडरी, मिलच्या पाळ्यांतले जुने मुसलमान दोस्त आले की आओ बैठो, आणि आपल्याला बसा. माणूस पायरीवर असतानाच ओळखतात. त्यांचं स्वतःचं शिक्षण आठवीपर्यंत.

भिंतीवर देवांच्या फोटोंच्या ओळीत चार हुतात्म्यांचा फोटो आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे 1930 ला गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, दोन-तीन दिवस इंग्रजांचा अंमल गावात उरलाच नव्हता आणि मग 12 मे ला मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेन मिल कामगारांचे पुढारी होते, गजनफर नावाचा पेपर काढायचे, म्हणून या भागातल्या जुन्या माणसांना ते घरचे वाटतात. दरवर्षी 12 जानेवारीला सकाळी हॉटेलात फोटोला हार घालतात, स्टोव्ह बंद करतात आणि जितके बसलेत तितके उभे राहतात. भाषण नाही, माईक नाही. शाळेत आम्हाला हे चार ओळींत शिकवलं होतं, मला ते खरं कळलं या हॉटेलात, एका लिंगायत, एका मारवाडी, एका मराठा आणि एका मुसलमान माणसाच्या फोटोपुढं तेवढ्याच जातीधर्माची माणसं चहा टेबलावर ठेवून उभी राहिलेली बघून. आणि ही तारीख झाली की दोनच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, मग होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा मालक रात्री एकपर्यंत हॉटेल उघडं ठेवतात कारण खेड्यातून आलेल्या लोकांना शेवटच्या गाडीपर्यंत टेकायला जागा पाहिजे असते.

आवाजाची तयारी ठेवा. मिलमधले रिटायर लोक जोरात बोलतात, भांडण चाललंय असं वाटेल पण नाही. साचा म्हणजे माग, साचेखात्यात असे शेकडो एकदम चालायचे, तीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर कान जातात. ती माणसं ओठ बघून बोलतात, हातानं खुणा करतात, लांबच्या टेबलावरच्या माणसाला न ओरडता सांगतात की उद्या पाणी येणार. हो, पाण्याची बातमी पण हितंच पक्की कळते, आमच्याकडं काही दिवसांआड पाणी येतं हे आता नवीन राहिलं नाही, कुठल्या भागाला किती वाजता सोडणार हे महापालिकेच्या आधी या हॉटेलात माहीत असतं कारण पाणी सोडणारा माणूस सकाळी हितंच चहा पितो.

एक आजोबा आहेत, रोज तिसऱ्या बाकड्यावर भिंतीकडच्या टोकाला बसतात. एकदा मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि माझ्या पिशवीच्या बंदाचा धागा निघून लोंबत होता. ते दुसऱ्याच कुणाशी बोलत होते, निवडणुकीचं काहीतरी, माझ्याकडं बघितलं पण नाही, नुसता हात आला, दोन बोटांत धाग्याची दोन्ही टोकं धरली, अंगठ्यावरनं एक वेढा, आणि गाठ बसली. इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागत नव्हती. उरलेलं टोक दातानं तोडलं आणि बोलणं कुठंच थांबलं नाही. मी म्हटलं आजोबा कशी मारली, परत दाखवा की. त्यांनी हळू करून दाखवायचा प्रयत्न केला आणि त्यांना जमेना. दोनदा गाठ सुटली. मग हसले आणि म्हणाले, "सावकाश येत नाही पोरी ती. साचा थांबायच्या आत मारायची असती." ती पिशवी मी अजून वापरते.

मिली बंद पडल्या तेव्हा या हॉटेलनं काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. देणी अडकली, फंडाचे पैसे अडकले, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. फॉर्म इंग्रजीत. तेव्हा संध्याकाळी सातनंतर हॉटेलातलं शेवटचं टेबल फॉर्म भरायला मोकळं ठेवलेलं असायचं, कॉलेजची दोन पोरं येऊन सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायची आणि त्यांना चहा फुकट. ज्यांचं पोस्टाचं टपाल चाळीत पोचायचं नाही त्यांनी हॉटेलचा पत्ता दिलेला. कोण वारलं, कुणाचा पोरगा पुण्याला कामाला लागला, कुणाच्या पोरीला स्थळ बघायचंय, सगळं त्या टेबलावर. गल्लीतली निम्मी लग्नं हितं जमलीत असं म्हणतात आणि मला ते पटतं, कारण माझ्या मोठ्या बहिणीचं जमलेलं.

उधारीच्या वह्या मालकांनी जपून ठेवल्यात. माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या. वडील गेल्यावर वर्षभरानं मी विचारलं की त्यांचं पान बघायला मिळेल का. मालकांनी शिडी लावून पेटी खाली काढली, तासभर शोधलं. सापडलं. वरती वडिलांचं नाव, त्यांच्या पुढं खात्याचं नाव, कारण एकाच नावाची चार माणसं असायची, आणि खाली ओळीनं चहा, चहा, चहा भजी, चहा. मिल बंद पडली त्या महिन्यापासून आकडे वाढत गेलेत आणि भजी हा शब्दच गायब. पुढची जवळजवळ दीड वर्षं एकदाही भजी नाही. माझ्या वडिलांना ही मिरचीभजी जिवापाड आवडायची आणि त्या दीड वर्षात ते घरी आम्हाला सांगायचे की डॉक्टरनं तेलकट बंद केलंय. पानाच्या तळाला शाईच्या पेननं मिळाले असं लिहून सही आहे, म्हणजे सगळे फेडले. मी त्या पानाचा फोटो काढला नाही. मालक म्हणाले काढा, पण नाही काढला.

आता तक्रारी, कारण हे सगळं वाचून कुणी येईल आणि मग मला बोल लावेल. पहिली आणि मोठी, बायकांसाठी बाथरूम नाही. पुरुषांसाठी पण मागच्या बोळात एक आडोसा आहे तेवढंच. हे हॉटेल पुरुषांसाठीच बांधलं होतं हे स्पष्ट बोलायला पाहिजे. मी लहानपणी वडिलांना डबा नाहीतर निरोप द्यायला यायचे तेव्हा पायरीवर उभी राहायची, आत जायचं नसतं हे कुणी सांगितलं नव्हतं पण माहीत होतं. आतल्या सगळ्या गोष्टी, ज्यांचं मी एवढं कौतुक करतेय, त्या माझ्या आईच्या वाट्याला कधी आल्या नाहीत. ती आयुष्यभर या हॉटेलचा चहा प्याली तो वडील किटलीतून आणायचे तो. मी पहिल्यांदा आत बसले तेव्हा माझं वय चाळीसच्या पुढं होतं, आणि छातीत धडधडत होतं, या वयात, चहा प्यायला.

हे बदललंय, आणि ते मालकांमुळं कमी, विडीवाल्या बायकांमुळं जास्त. आमच्या गावात हजारो बायका विड्या वळतात, पान-तंबाखू घरी आणायचं, विड्या वळून कारखान्यात नेऊन द्यायच्या, हजाराच्या हिशोबानं मजुरी, आणि छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या, काढली की तेवढी वजा. त्यातल्या चार-पाचजणी दुपारी परत जाताना एक दिवस उन्हानं कंटाळून सरळ आत येऊन बसल्या आणि पाणी मागितलं. मालक क्षणभर थांबले असणार, मग सगळ्यांना पाणी आणि चहा. आता त्यांचं दुपारचं एकचं बाकडं ठरलेलंय, कार्ड काढतात, हिशोब लावतात, छाटीवरून कारखान्याला शिव्या घालतात तेलुगूत, आणि भिशीचे पैसे हितंच गोळा करतात. त्यांच्यामुळं कॉलेजच्या पोरी यायला लागल्या. पण बाथरूम पाहिजेच, मी मालकांना तीनदा बोललेय, चौथ्यांदा हे वाचून दाखवणार आहे.

दुसरी तक्रार हात धुवायच्या बेसिनची, घाण असतं. तिसरी, ऑनलाइन पेमेंटचा स्कॅनर आहे पण रेंज येत नाही, सुटे पैसे जवळ ठेवा. पार्किंग नाही, गाडी मुख्य रस्त्याला लावून चालत या. विडी-सिगरेट आत ओढू नका अशी पाटी आहे आणि बहुतेकजण ऐकतात.

माझा भाचा इंग्लंडला असतो. मागच्या दिवाळीत त्याला हितं घेऊन आले तर बसल्या बसल्या म्हणाला मावशी, हा तर आमच्याकडचा पब आहे. मला आधी राग आला, पब म्हणजे आपल्याला दारू आणि नाच एवढंच माहीत. त्यानं समजावून सांगितलं की तिकडं पब म्हणजे पब्लिक हाऊस, लोकांचं घर, गावाच्या नाक्यावर शे-दोनशे वर्षांचं, तिथं बिअर मिळते पण निम्मी माणसं गप्पांसाठी जातात, म्हातारे एकाच ग्लासावर संध्याकाळ काढतात, गावच्या मीटिंगा तिथं, फुटबॉलच्या टीम तिथं, मयताला गेलेली माणसं परत येताना तिथं थांबतात. आणि ते पण धडाधड बंद पडतायत. जागांचे भाव, टॅक्स, लोक घरीच पितात. मग काही गावांनी काय केलं तर वर्गणी काढून शेअर घेऊन पब विकत घेतला. उत्तरेला कंब्रियात हेस्केट न्यूमार्केट नावाचं खेडं आहे, तिथला ओल्ड क्राऊन नावाचा पब गावकऱ्यांनी सहकारी सोसायटी करून 2003 ला घेतला, सहकारी सोसायटीचा तिकडचा तो पहिला पब म्हणतात, आता असे शंभराच्या वर झालेत. 2011 ला कायदा पण आला, गावाला उपयोगी अशी जागा विकायला निघाली तर आधी गावाला ती घ्यायला पैसे जमवायची मुदत द्यायची.

मला हे ऐकून फार बरं वाटलं कारण हे आपल्याला नवीन थोडंच आहे. सहकार म्हटलं की आपण, साखर कारखाने, सूतगिरण्या, विणकरांच्या सोसायट्या. आणि हॉटेलात पण झालंय की, कॉफी बोर्डानं कॉफी हाऊसं बंद करायला काढली तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सोसायट्या केल्या आणि 1957 पासून इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवायला लागले, केरळात अजून जोरात चालतात. म्हणजे होऊ शकतं.

हे एवढं सांगायचं कारण, मालक आता पासष्टच्या पुढचे आहेत. गुडघे गेलेत. मुलगा हैदराबादला नोकरी करतो आणि त्यात काही चूक नाही, पहाटे चारला उठून पातेलं घासायला कोण येणार. जागेला गिऱ्हाईक येऊन गेलंय, दोनदा. मालक विकत नाहीत पण पत्रा गळतो, मागच्या पावसाळ्यात दोन बाकड्यांवर बादल्या ठेवल्या होत्या आणि लोक त्या बादल्यांच्या मधे बसून चहा पीत होते. दुरुस्तीचा खर्च त्यांच्या आवाक्यातला नाही.

तर विडीवाल्या बायकांनीच सुरुवात केली. त्यांच्या भिशीतली एक फेरी पत्र्यासाठी धरायची असं ठरवलं, आणि मग तिसऱ्या बाकड्यावरच्या आजोबांनी पेन्शनमधून पाचशे दिले, मग रिक्षावाले, मग पाणी सोडणारा. गल्ल्याशेजारी वहीचं एक पान चिकटवलंय, त्यावर नावं आणि आकडे, मराठीत, कन्नडमधे, तेलुगूत, दोन उर्दूत. मालकांनी पहिल्या दिवशी ते पान काढून टाकलं होतं, मला नको म्हणाले, मी काही भीक मागत नाही. आजोबांनी परत चिकटवलं आणि कान गेलेल्या माणसाच्या आवाजात अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं बोलले, "तुझ्या बापानं पाणी पाजलं तेव्हा आम्ही नको म्हटलं होतं का बे?" त्यावर मालक काही बोलले नाहीत, आत जाऊन आलं ठेचायला लागले.

सोसायटी वगैरे होईल न होईल, भाच्यानं कागदपत्रं पाठवतो म्हटलंय, आमच्यातला एक रिटायर बँकवाला वाचून बघणार आहे. विमानतळासाठी 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा याच हॉटेलात बरोबर झालं की चूक झालं यावर आठ दिवस वाद चालला होता, दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले होते आणि तरी एकाच बाकड्यावर बसायचे. ती माणसं सोसायटीवर एकमत करतील असं मी म्हणत नाही. पण पत्रा पावसाळ्याच्या आत बदलायचा हे सगळ्यांनी मान्य केलंय.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बाथरूमचा कापला, तो झाला की परत देईन. पहाटे पाच ते रात्री नऊ उघडं, रविवारी दुपारी बारा ते चार बंद. सुशीला आठच्या आत, भजी चारपासून, आणि साडेपाचच्या आधी पोचा, उशिरा गेलात तर संपतात. पहिल्यांदा जाणार असाल तर तिसरं बाकडं भिंतीकडचं टोक सोडून कुठंही बसा.